बर्फ फुकट, मग बिल कशाचं?

"निसर्ग पर्यटनात उतरायचंय, भांडवल फार नाही, कुठून सुरुवात करू?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली असतोच. माझं मत सरळ सांगतो. निसर्ग विकायला जाऊ नका. तो तुमचा नाही, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे तुम्हाला देणारही नाही.

यावेळी उदाहरण लांबचं घेतलंय, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कचं. तिथल्या क्रॉस-कंट्री स्कीइंगचं. सिनेमात डोंगरावरून सुसाट खाली येतात ते हे नव्हे. यात स्की अरुंद आणि हलक्या असतात, बूट फक्त पुढून अडकवलेला, टाच मोकळी. दोन काठ्यांच्या आधारानं माणूस स्वतःच्या पायांनी बर्फावरून घसरत मैलोन्‌मैल जातो. वर न्यायला पाळणा लागत नाही. "म्हणजे गुंतवणूक नाहीच की!" असं कोणीतरी आत्ताच म्हणालं असणार. थांबा जरा.

तिथे बॅजर पास नावाचं ठिकाण आहे, १९३५ पासून चालू असलेलं. तिथून ग्लेशियर पॉइंटपर्यंत साडेदहा मैल, म्हणजे सुमारे १७ किलोमीटरचा डांबरी रस्ता. उन्हाळ्यात त्यावर गाड्या असतात. हिवाळ्यात बर्फ पडला की बॅजर पासच्या पुढे गाड्या बंद. आपल्यातला एखादा म्हणेल, सीझन संपला, शटर ओढा. तिथे मात्र त्याच रस्त्यावर यंत्र फिरवून बर्फ दाबतात आणि त्यात स्की बसतील अशा दोन समांतर खाचा पाडतात. ताजा बर्फ पडला की पुन्हा तेच काम. ही खाच गिऱ्हाइकाच्या बिलात दिसत नाही, पण ती नसेल तर नवशिक्या माणूस मऊ बर्फात रुतून बसेल आणि बाकीचं काहीच विकलं जाणार नाही.

बाकीचं म्हणजे काय? भाड्यानं स्की आणि बूट, शिकवणी, गाइड, गरम जेवण. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, मुक्काम. जाऊन-येऊन ३४ किलोमीटर एका दिवसात सगळ्यांना झेपत नाही. म्हणून ग्लेशियर पॉइंटला हिवाळ्यात झोपायची सोय केली, तीही उन्हाळ्यात भेटवस्तूंचं दुकान चालतं त्या इमारतीत. समोर हाफ डोमचा कडा, खाली ९०० मीटरहून खोल दरी. पण लोक पैसे देतात ते दमलेल्या पायांना मिळालेल्या गादीचे. दुकानदार म्हणून मला तरी ही मांडणी फार पटते. एकच जागा, दोन सीझन, दोन वेगळे माल.

आता काळजीची बाजू. यातली जमीन कंपनीची नाही. पार्क सरकारी आहे, कंपनी ठेक्यावर धंदा करते, सरकारला फी देते, आणि दरसुद्धा पार्क सर्व्हिसकडून मंजूर करून घ्यावे लागतात. डेलावेअर नॉर्थ या कंपनीकडे १९९३ पासून हा ठेका होता. पुढचा ठेका अरामार्क कंपनीला मिळाला, तेव्हा वाद निघाला नावांचा. बॅजर पास, अवाहनी हॉटेल, करी व्हिलेज ही नावं जुन्या कंपनीनं ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवली होती. तिनं नावं वगैरे अदृश्य मालमत्तेची किंमत लावली ५.१ कोटी डॉलर. सरकारच्या मते ती होती सुमारे ३५ लाख डॉलर! २०१५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. २०१६ मध्ये पाट्या बदलल्या आणि बॅजर पासचं झालं 'योसेमिटी स्की अँड स्नोबोर्ड एरिया'. किती कोरडं नाव, बघा. २०१९ मध्ये १.२ कोटी डॉलरवर तडजोड झाली, त्यातले ८१.६ लाख नव्या कंपनीनं आणि ३८.४ लाख सरकारनं दिले. मग जुन्या पाट्या परत आल्या.

जुन्या कंपनीला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. तिचं म्हणणं होतं की आम्ही येताना आधीच्यांची मालमत्ता विकत घेतली होती, मग जाताना आम्हाला मोबदला नको का? धंदेवाईक माणूस हेच विचारणार. माझा राग आहे तो कागदावर. नाव कोणाचं, हे ठेका देतानाच शंका उरणार नाही इतकं स्पष्ट लिहायला हवं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण मामाच्या शेतात कॅम्पिंग, धरणाकाठी भाड्याची जागा, गडाच्या पायथ्याशी नाश्त्याची टपरी असं काहीतरी डोक्यात घेऊन बसलेत. उत्तम आहे. पण जागेचा करार करताना भाडं आणि डिपॉझिट यापलीकडे कोणी बघत नाही. पाटीवरचं नाव कोणाचं? गूगल मॅपवरची नोंद कोणाच्या मोबाइल नंबरवर? तंबू, भांडी, सोलरचे दिवे जाताना तुम्ही नेणार की जागामालक विकत घेणार, आणि किंमत कोण ठरवणार? हे ११ महिन्यांच्या करारातही लिहिता येतं. "घरचीच माणसं, कागद कशाला?" असं मामी म्हणतील. चहा घ्या, हसा, आणि कागद पुढे करा.