चांदीच्या रुपयावरचे रंग

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यासारख्या मावळातल्या गावांत आजही एखाद्या घरच्या जुन्या पेटीतून दादी-नानीचे राणीछाप रुपये निघतात. एखाद्यावर निळ्या-जांभळ्या छटा असतात, एखाद्याची कडा सोनेरी झालेली असते. कुणी म्हणतो, असे रुपये फार महाग जातात. दुसरा म्हणतो, रंग मुद्दाम आणलेला आहे, मोडीत द्या. वारसांत वाटणी करायची असेल तर हा प्रश्न नाजूक होतो.

हवेतले गंधकयुक्त वायू चांदीला लागले की तिच्यावर पातळ थर चढतो. थर वाढतो तसा रंग बदलतो: आधी फिकट पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा आणि पुढे काळा. जुन्या कागद-कापडात वर्षानुवर्षे पडलेल्या रुपयावर हे आपोआप घडते. उकडलेल्या अंड्यासोबत डबीत ठेवून किंवा रसायन लावून तेच काम थोड्या वेळात उरकता येते. थर तोच असतो, म्हणून नुसता रंग पाहून निकाल देऊ नये. तो कसा पसरला आहे ते पाहावे.

नैसर्गिक रंग बहुधा कडेकडून आत हळूहळू उतरतो, एक छटा दुसरीत मिसळते आणि खालची मूळ चकाकी दिसत राहते. दोन्ही बाजू सहसा सारख्या नसतात. याउलट भडक निळे-जांभळे डाग, एकदम तुटणाऱ्या रेषा, घासलेल्या निस्तेज पृष्ठावर किंवा ताज्या ओरखड्यातही भरलेला रंग, गंधकाचा वास, ही संशयाची चिन्हे आहेत. झिजलेल्या रुपयावर इंद्रधनुष्य दिसले तर अधिकच सावध राहावे. गडाखालच्या मातीत सापडले म्हणून कुणी असे नाणे दाखवले, तर मातीतली चांदी बहुधा काळपट आणि खरबरीत निघते, हे आठवावे. शिवाय जमिनीत सापडलेल्या धनाची खबर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

खात्री नसेल तर दोन-तीन जाणकारांना दाखवावे, पण चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासू नये. घासलेल्या नाण्याची मूळ चकाकी परत येत नाही आणि किंमतही उतरते.

घरात ठेवलेल्या रुपयांच्या जकातीत रंगाचा हिशोब नाही, चांदीचा आहे. राणीछाप रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. निसाब साडेबावन्न तोळे चांदीचा, हे आपण जाणतोच.

विकताना मात्र रंगाबद्दल जे ठाऊक आहे ते सगळे सांगावे आणि जे ठाऊक नाही तेही सांगावे. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. रुपयाच्या सौद्यालाही हाच नियम लागू आहे. वाटणीत रंगीत नाणे घेणाऱ्या भावाने बहिणीला त्याचा खरा भाव सांगावा. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण हक्क कुणाचा बुडू नये.