मोडेम कुणाच्याही नावावर असो, माहिती बाईकडे हवी



आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवू आणि भिंतीवर रात्रंदिवस दिवे लुकलुकणाऱ्या त्या डब्याबद्दल बोलू. इंटरनेटचा मोडेम. माझं मत आधीच सांगून टाकते. जमेल तिथे तो स्वतःचा घ्यावा, स्वतः लावायला शिकावं, आणि त्याची सगळी माहिती घरातल्या बाईकडे असावी. यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

नेट बंद पडतं तेव्हा घरात असतं कोण? यजमान दुकानावर, मुलं पुण्याला. सासूबाईंचं प्रवचन मध्येच थांबतं, लेकीचा प्रवेशाचा फॉर्म अर्धा राहतो, आणि सगळे आपल्याकडे बघतात. कनेक्शन मात्र यजमानांच्या नावावर आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर! वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका म्हणायचं, पण तोंडात वेल्हेच येतं) माझ्या ओळखीच्या एक काकू एकट्या राहतात. कनेक्शन पुण्याच्या मुलाच्या नावावर. नेट गेलं की काकूंनी मुलाला फोन करायचा, त्याची मीटिंग संपली की त्याने कंपनीला करायचा, मग ओटीपी, मग तक्रार नंबर. गेल्या पावसाळ्यात असे तीन दिवस गेले. वास्तविक घरामागची फांदी तारेवर पडलेली काकूंना खिडकीतून दिसत होती. पण त्यांना कुणी विचारलंच नाही.

‘बायकांना त्यातलं काय कळतं’ हे वाक्य आपल्या समाजात अजून ऐकू येतं. दुधाचा, किराण्याचा, गॅसचा सगळा हिशेब ज्यांच्या डोक्यात असतो, त्यांना चार दिवे कळणार नाहीत? पॉवरचा दिवा म्हणजे डब्याला वीज मिळते आहे. पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा म्हणजे बाहेरची लाइन जोडलेली आहे. लॉस या दिव्यावर लाल लागला की बाहेरून प्रकाश येतच नाही, म्हणजे तार तुटली, वाकली किंवा निसटली. एवढं फोनवर सांगता आलं तरी ‘मॅडम, बंद करून चालू करा’ या उत्तरावर बोळवण होत नाही.

आता स्वतःच्या मोडेमचं. हे काही नवं खूळ नाही. बीएसएनएलचं डेटावन २००५ मध्ये आलं तेव्हाही मोडेम भाड्याने घ्या किंवा स्वतःचा आणा, अशी सोय होती. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की घरात कुठला मोडेम लावायचा ते ग्राहक ठरवणार, आणि त्यासाठी लागणारी माहिती कंपनीने न मागता द्यायची. आपल्याकडे ती माहिती मागावी लागते, आणि इथेच बहुतेक घरं हात टेकतात.

शहरात टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट येतं, तिथे केबल मोडेम लागतो आणि त्याच्या स्टिकरवरचा मॅक नंबर कंपनीने आपल्या यादीत चढवावा लागतो. आपल्याकडे आता बहुतेक ठिकाणी फायबर, म्हणजे काचेची बारीक तार. तिथल्या डब्याला ओएनयू किंवा ओएनटी म्हणतात. साधा डबा दोन हजारांच्या आत मिळतो, पण घेण्याआधी ऑपरेटरला विचारा: लाइन जीपॉन आहे की ईपॉन? माझ्या डब्याचा नंबर तुम्ही नोंदवून द्याल का? माझा युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर काय? हे वहीत लिहून घ्या. तारेच्या टोकाचा रंगही बघा. हिरवं टोक हिरव्यात, निळं निळ्यात. टोकाला बोट लावू नका, त्यात डोळा घालून बघू नका, आणि तार हाताने दुमडू नका, काच आहे ती.

पण एक सांगते. वेल्ह्याच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवर जिथे एकच ऑपरेटर आहे, तिथे मी स्वतःचा ओएनयू घ्या म्हणणार नाही. काही बिघडलं की ‘तुमच्याच डब्याचा दोष’ म्हणून तो मोकळा होईल आणि दुसरा कुणी येणार नाही. तिथे बाहेरचा डबा त्याचाच राहू द्या, आणि त्याच्यापुढे आपला वायफाय राउटर जोडा. मला तर भोर गावातही हाच मार्ग बरा वाटतो. उद्या कंपनी बदलली तरी घरातले मोबाइल, टीव्ही, दुकानाचा कॉम्प्युटर यांना पुन्हा काही शिकवावं लागत नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच राहतात.

पासवर्डवरून आठवलं. जोडायला येणारा मुलगा बहुतेक घरात एकच साचा वापरतो, आडनाव आणि पुढे १२३. म्हणजे अख्ख्या आळीचा पासवर्ड त्याला ठाऊक, आणि आळीतल्या पोरांनाही. ज्या वायफायवरून आपण बँकेचं काम करतो, त्याचं दार असं उघडं कशाला? राउटरच्या खालच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाका, आत जा, आणि दोन पासवर्ड बदला. एक वायफायचा, दुसरा आत जाण्याचा. दुसरा लोक विसरतात. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंती असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही, तिथे २.४ चं वापरा.

राहिली जयणा. हा डबा सतत कोमट असतो, त्यामुळे आपल्याकडच्या ओल्या हवेत मुंग्या नि बारीक जीव त्यात ऊब शोधत येतात. कपाटात कोंबू नका, भिंतीपासून थोडा सुटा लावा, आणि हलवण्याआधी पुंजणी फिरवा. सामायिक-प्रतिक्रमण झालं की रात्री बंद केलात तर उत्तमच. दहा वॅटचा डबा चोवीस तास चालला तर महिन्याला सात युनिट जातात. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण लाइटच्या प्लगमधून झटका येतो आणि डबा जळतो.

आणि हे सगळं मेअखेरच्या आत उरका. कनेक्शनवर तुमचाही मोबाइल नंबर जोडून घ्या, माहिती वहीत उतरवा. एकदा आपल्याकडे पाऊस धरला की खांबावर चढायला मुलगा मिळत नाही.