फौजीची पेन्शन आणि तलाक दिलेली बायको

फौजेतून अपंग होऊन परतलेल्या माणसाचा संसार मोडला, की भांडण पेन्शनवर येते. नवरा म्हणतो, ही माझ्या मोडलेल्या पायाची किंमत आहे, तिला यातला एक रुपया मिळणार नाही. बायको म्हणते, तो सीमेवर असताना त्याचे आईबाप आणि लेकरे मीच सांभाळली, अर्धी पेन्शन माझी. नांदेड-लातूरकडून फौजेत जाणारी मुले सगळ्या जातीधर्मांची आहेत, त्यामुळे हे दुखणे एकट्या कुठल्या समाजाचे नाही. माझ्या मते दोघेही अर्धे खरे बोलतात.

डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात, एक नोकरीचा आणि दुसरा अपंगत्वाचा. समजा, शेवटचा पगार ४० हजार होता. नोकरीचा भाग पगाराच्या निम्मा, म्हणजे २० हजार. अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के आणि पुढे त्या प्रमाणात कमी. अपंगत्व २० टक्के ठरले तरी हिशेबाला ते ५० टक्के धरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या राम अवतार निकालाने हा फायदा मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. आपल्या उदाहरणात अपंगत्वाचे ६ हजार होतात. म्हणजे २६ हजारांपैकी मोडलेल्या पायाचे सहा. बाकीचे वीस ही नोकरीची कमाई आहे, आणि घर कुणीतरी सांभाळत होते म्हणूनच ती नोकरी निर्धास्तपणे झाली.

अमेरिकेत हा वाद कायद्यानेच हाताळला आहे. तिथे १९८२च्या कायद्याने सैनिकाची निवृत्ती पेन्शन घटस्फोटात वाटून देण्याची मुभा राज्यांच्या न्यायालयांना दिली. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी सोडून दिलेली पेन्शन मात्र वाटता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये आणि पुन्हा २०१७मध्ये सांगितले. पण त्याच न्यायालयाने १९८७मध्ये हेही ठरवले होते की अपंगत्वाचे पैसे कुटुंबाच्या पोषणासाठीही असतात, म्हणून मुलांचा खर्च त्यातून द्यावा लागेल.

आपल्याकडे बायकोला पेन्शनचा वाटा देणारा कायदाच नाही. आहे ती पोटगी. नवरा नोकरीत असेपर्यंत १९५०च्या लष्कर कायद्यातील कलम ९० (अधिकाऱ्यांसाठी) आणि ९१ (इतरांसाठी) प्रमाणे बायको-मुलांसाठी त्याच्या पगारातून कपात करता येते, त्यासाठी लष्कराकडेच अर्ज करायचा. निवृत्तीनंतर न्यायालय गाठावे लागते. तिथे १८७१चा पेन्शन कायदा पुढे केला जातो आणि पेन्शनवर जप्ती येत नाही असे सांगून बाईला परत पाठवले जाते. पण त्या कायद्याचे कलम ११ घेणेकऱ्याला रोखते. पोटगी मागणारी बायको ही काही सावकार नव्हे, तिच्यासाठी पेन्शनला हात लावता येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले आहे.

आता आपल्या समाजाचे. पोटगीचा अर्ज आला की 'मी हिला आधीच तलाक दिला आहे' असे उत्तर लिहून मोकळे होणारे नवरे कमी नव्हते. लातूरच्या दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने २००२मध्ये हा रस्ता बंद केला. नुसते लिहून दिल्याने तलाक होत नाही. कारण, समझोत्याचा प्रयत्न आणि दोन्ही घरांचे मध्यस्थ, हे सगळे सिद्ध करावे लागते. पुढे १० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम बाईलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते हे पक्के केले. हेच कलम आता नव्या संहितेत १४४ आहे.

तरीही एक भोक उरतेच. नवरा वारला की त्याची पेन्शन थांबते आणि दरमहाची पोटगीही थांबते. कुटुंब निवृत्तिवेतन विधवेला मिळते, घटस्फोटितेला नाही. मुलांना ते ठराविक वयापर्यंतच. पंधरा-वीस वर्षे फौजीचे घर चालवलेली बाई उतारवयात रिकाम्या हाती राहते.

इथे मला कुरआनातील मताअची कल्पना आठवते. सूरह बकरामध्ये तलाक दिलेल्या बाईसाठी नवऱ्याच्या ऐपतीप्रमाणे तरतूद सांगितली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या दानियल लतीफी निकालात १९८६च्या कायद्याचा अर्थ तसाच लावला: रक्कम इद्दतीच्या मुदतीत द्यायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी हवी. एकरकमी तरतूद नवऱ्याच्या मृत्यूने संपत नाही. निवृत्त होताना फौजीच्या हाती ग्रॅच्युइटी येते, पेन्शन विकली तर तीही रक्कम येते. यातला वाटा त्याच वेळी तिच्या नावावर करायला हवा, आणि तो प्रत्येक धर्माच्या बायकोला मिळावा.

म्हणून माझे म्हणणे असे. नोकरीच्या भागात लग्नाच्या वर्षांच्या प्रमाणात बायकोचा हक्क कायद्याने मानावा. अपंगत्वाचा भाग आधी त्याच्या औषधपाण्याला आणि कृत्रिम पायाला लागू द्यावा, तो तिने मागू नये. मात्र लेकरांच्या शाळेचा खर्च आला, तर बापाने त्या सहा हजारांमागेही लपू नये. असा कायदा होईपर्यंत तडजोडीला बसणाऱ्या वकिलांनी, जमातीच्या पंचांनी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी पेन्शनचा आदेश मागवून त्यातले दोन आकडे वेगळे लिहून काढावेत. नवऱ्याकडून उत्पन्नाचे शपथपत्र घेता येते, ते घ्यावे. मग कोण कुणाचे काय देणे लागतो, याचे निम्मे भांडण तिथेच मिटेल.