हक्कसोड

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी आत्याला घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. गावाकडच्या जमिनीतला तिचा हिस्सा ती माझ्या वडिलांच्या नावे सोडणार होती. फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं तेव्हा तिने आधी पदर सारखा केला. अंगठा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर धुणीभांडी करून रेषा झिजलेल्या. लुगड्याला पुसपुसून तिसऱ्या खेपेला एकदाचा उमटला. बाहेर आल्यावर म्हणाली, "माहेर राहिलं म्हणजे झालं."

घरी त्यावरून मोठं भांडण झालं. माझी मुलगी म्हणाली, हा सरळ अन्याय आहे. वडील म्हणाले, तिने खुशीने दिलं, कुणी जबरदस्ती केली? मुलीच्या लेखी आत्या आधी एक स्वतंत्र बाई; नाती त्यानंतर. वडिलांच्या लेखी ती आधी बहीण. नात्यांतून बाजूला काढलेली आत्या त्यांना दिसतच नाही. म्हणजे जमिनीच्या आधी माणूस कशाला म्हणायचं इथेच दोघांचं बिनसलं होतं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आपले राजकीय वाद बहुधा असेच, मूळ मुद्दा जमिनीखाली ठेवून चालतात.

महाराष्ट्रात हा मुद्दा फार पूर्वी उघड्यावर आला होता. टिळक आणि आगरकर एकाच वर्षी, १८५६ साली जन्मले. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावर मात्र ते समोरासमोर उभे होते. पतीशी शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारावर नेणारा तो कायदा. त्यामागे कलकत्त्याची फुलमणी होती. दहा-अकरा वर्षांची ती मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली.

टिळक बालविवाहाची भलामण करत नव्हते. मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही, असं सुधारकांनी आधी स्वतः लिहून द्यावं, ही सूचना त्यांचीच. त्यांचं म्हणणं असं की, समाज आतून शिकतो. परक्या सरकारने दंडुक्याने शिकवू नये. आगरकरांचा भरवसा बुद्धीवर. रूढी माणसांनी घातल्या, माणसांनीच मोडायच्या, आणि मोडण्यासाठी सगळ्यांची संमती गोळा होईपर्यंत थांबायचं नाही. पुण्याच्या कर्मठांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते हटले नाहीत. सरकारशी भांडायला सर्वांत पुढे असणारे टिळक इथे रूढीच्या बाजूने दिसतात, म्हणून सनातनी-पुरोगामी हे शिक्के मला अपुरे वाटतात.

माझा कौल आगरकरांना आहे. थांबा म्हणणारा स्वतः थांबत नसतो. थांबते ती फुलमणी. तिच्याजवळ तेवढी वर्षं नव्हती.

तरी टिळकांचा प्रश्न मला झटकता येत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, देशाने २००५ साली. कायदा तालुक्याच्या गावी पोचला, आमच्या ओसरीवर पोचला नाही. त्या कार्यालयाच्या बाकावर आत्यासारख्या आणखी तिघी बसल्या होत्या, प्रत्येकीबरोबर एक भाऊ किंवा भाचा. मीही त्यांतलाच एक. त्या तिघींकडे पाहून टिळक म्हणाले असते, मी काय सांगत होतो? पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा होण्यापूर्वी भाऊ असताना बहिणीचा अंगठा कुणी मागितलाच नसता. सोडायला हक्क असावा लागतो, आणि तो तिला कायद्याने दिला. नाही म्हणण्याची ताकद कुणी द्यायची, यावर आम्ही घरात अजून बोललेलो नाही.

आमचा यंदाचा दिवाळी अंक या अशा न बोललेल्या गोष्टींसाठी आहे. यात एकमेकांशी न पटणारी माणसं शेजारी शेजारी लिहीत आहेत. आपल्याला न पटणारा लेख आधी वाचावा, ही विनंती. आगरकर १८९५ साली एकोणचाळिशीच्या आत गेले, तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

भाऊबीजेला आत्या येणार आहे. परवा वडिलांनी मला कपाटातून तो दस्त काढायला सांगितला. चष्मा लावून आत्याचा त्यातला फोटो ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "हिने पदर किती घट्ट धरलाय बघ."