रोप नको, आळं आणा

सिंगापूरहून परतलेला बागवेडा माणूस मोबाइलभर फुलांचे फोटो आणतो आणि सोबत एक सुस्कारा: ‘आपल्याकडे असं का नाही?’ विमानतळावरून शहरात येताना रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची कमान, पादचारी पुलांच्या कठड्यांवर ओसंडणारी बोगनवेल. माळ्याचा जीव हरखणारच. मग इथे आल्यावर तो नर्सरीत जाऊन तसंच रोप शोधतो.

पण ती रोपं आपल्याकडेही आहेतच. पर्जन्यवृक्ष, चाफा, बोगनवेल या तिन्हींचं मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. सिंगापुरात ती जशी पाहुणी, तशीच मुंबई-पुण्यातही. तिथल्या बागा राखणाऱ्यांत भारत-बांगलादेशातून गेलेले मजूरही आहेत, म्हणजे हातही आपलेच. कायदा म्हणाल, तर झाडांच्या रक्षणाचा सिंगापूरचा कायदा १९७५ सालचा आणि महाराष्ट्राच्या शहरांसाठीचाही १९७५ चाच!

मग फरक कुठे पडला? पाऊस तिथे बारमाही, हे खरं. पण खरा फरक झाडाच्या बुंध्याशी आहे. पंतप्रधान ली कुआन यू यांनी १६ जून १९६३ रोजी एका चौकात झाड लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली. झाड लावताना फोटो आपलेही नेते काढतात. तिथे मात्र पुढे रस्ता आखतानाच झाडांसाठी मातीचा पट्टा राखायची पद्धत पडली. छाटणी, पाहणी, खत हे नेहमीचं काम झालं. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडतात. पाणी मुळांपर्यंत पोचत नाही, मुळं गुदमरतात आणि पहिल्या वादळात झाड आडवं होतं. त्याखाली माणूस सापडला की दोष झाडाला, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप.

आळं केल्याशिवाय रोप लावू नये, हे आपल्या खेड्यातल्या पोरालाही कळतं. शहरात आल्यावरच आपण ते का विसरतो?

परदेशी फुलांचं कौतुक जरूर करावं. मात्र पुढच्या वेळी कॅमेरा थोडा खाली, मुळाशी न्यावा. तो फोटो आपल्या सोसायटीच्या सभेत आणि नगरसेवकाच्या दारात दाखवावा. गल्लीतल्या एका झाडाभोवतालचं सिमेंट निघालं, तरी त्या प्रवासाचे पैसे वसूल झाले.