घरट्यापुढील यांत्रिक डोळा

छायाचित्रणाच्या हौसेनें अलीकडे एक नवें वळण घेतलें आहे. पूर्वीं पक्ष्याचें चित्र घ्यावयाचें तर मनुष्यास पहांटे उठून, चिखल तुडवीत पाणवठ्यावर जावें लागे आणि तेथें तासन् तास निश्चल बसावें लागे. आतां अंगणांतील जास्वंदीपाशीं तिपाईवर कॅमेरा ठेवावयाचा, आपण दिवाणखान्यांत बसावयाचें, कॅमेऱ्यास जें दिसतें तें हातांतील मोबाइलच्या पडद्यावर पाहावयाचें, आणि बुलबुल चोंचींत किडा घेऊन आला कीं पडद्यावर बोट टेकावयाचें. चहाचा पेला खालीं ठेवण्याचीही गरज नाहीं. नाशकांत गंगापूर रोडच्या उरल्यासुरल्या बंगल्यांतून आणि नव्या इमारतींच्या गच्च्यांवरून हा उद्योग आतां चांगलाच फोफावला आहे. हौस निर्व्यसनी आहे, घरबसल्या होणारी आहे, आणि मुलांस तिची गोडी लागावी असें कोणत्याही आईबापांस वाटेल. आमची तक्रार हौसेविषयीं नाहीं. तिच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद सर्रास केला जातो, तो मात्र आम्हांस मुळींच मान्य नाहीं. युक्तिवाद असा कीं, मनुष्य जवळ नसल्यामुळें पक्ष्यास यत्किंचितही उपद्रव होत नाहीं. सबब हें छायाचित्रण सर्वांत निष्पाप होय.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं, यंत्राशीं आमचें वैर नाहीं. यंत्र ठेवून आपण बाजूस होण्याची ही युक्ति आजची नव्हे. फ्रेडरिक चँपियन या वनाधिकाऱ्यानें गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत शिवालिकच्या जंगलांत वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेविली. वाघाचा पाय तारेस लागला कीं प्रकाश चमकावा आणि वाघाचें चित्र वाघानेंच काढावें, अशी ती योजना. त्याचें पुस्तक १९२७ सालीं निघालें, आणि बंदुकीवांचूनही वाघ घरीं आणतां येतो हें त्यानें शिकाऱ्यांच्या त्या पिढीस दाखविलें. त्याच्याही आधीं, १८९२ सालीं, कियर्टन बंधूंनीं इंग्लंडांत अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें पक्ष्यांजवळ जातां यावें म्हणून ते पोकळ बैलाच्या कातड्यांत शिरूनही बसले. आम्हां नाशिककरांस तर हा वारसा घरचाच आहे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, एका कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यापुढें कॅमेरा रोवला, आणि त्या अंकुराची वाढ ठराविक अंतरानें टिपून एक चिमुकला चित्रपट सिद्ध केला. भांडवलवाल्यांची खात्री पटली ती त्यामुळें. सजीव वस्तूपुढें कॅमेरा स्थिर ठेवून तिला तिच्या गतीनें वाढूं द्यावें, ही कल्पना त्यांस इतकी आधीं सुचली याचा आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु वाटाण्यास भय नसतें, आणि वाटाण्यास आईही नसते. चँपियनचा वाघ वाटसरू होता. एक चमक झाली, तो दचकला असेल, आणि आपल्या वाटेनें निघून गेला. घरट्यावर बसलेली शिंजीर वाटसरू नव्हे. ती निघून गेली तर मागें कांहीं उरतें, आणि जें उरतें तें उघडें, आंधळें व भुकेलें असतें. वाट आणि घर यांतील हा भेद आमच्या छायाचित्रकार मित्रांनीं कधीं मनांत आणलेला दिसत नाहीं. आमचें सर्व म्हणणें या भेदावरच उभें आहे.

मनुष्य दूर आहे म्हणून उपद्रव नाहीं, या विधानांत दूर आहे तें कोण? मनुष्य. कॅमेरा कोठें आहे? घरट्यापासून दोन हातांवर. चारशें-सहाशें मिलिमीटरची लांब भिंगें वापरणारा जुना छायाचित्रकार दहा-पंधरा पावलांवर उभा राही, कारण त्याच्या भिंगास त्याहून जवळ जाण्याची गरजच नसे. ज्याच्यापाशीं तसलें महाग भिंग नाहीं, त्यास ही बिनतारी कळ वरदान वाटते, कारण तिच्यामुळें साधें स्वस्त भिंग घरट्याच्या अगदीं उशाशीं नेऊन ठेवतां येतें. म्हणजे 'दूरनियंत्रण' या शब्दानें ज्याचें कौतुक होतें, तें वस्तुतः जवळ घुसण्याचें साधन आहे! जेथें कोणीही सभ्य मनुष्य आपलें तोंड नेऊन उभा राहणार नाहीं, तेथें तो आपलें यंत्र नेऊन ठेवतो आणि मी तर तेथें नव्हतोंच असें म्हणतो.

आणि पक्षी काय केवळ मनुष्यालाच भितो? कित्येक पतंगांच्या व फुलपांखरांच्या पंखांवर डोळ्यांसारखे वाटोळे ठिपके असतात, आणि ते एकदम दिसतांच पाखरें बिचकतात, हें कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. मोठा वाटोळा डोळा म्हणजे भक्षक, ही समजूत पाखराच्या हाडीं खिळलेली आहे. अशा पाखराच्या दारांत आपण कांचेचा वाटोळा, काळा, चकाकणारा डोळा आणून ठेवतों. तो मिटत नाहीं, हलत नाहीं, रात्रींही जात नाहीं. कांहीं यंत्रें कळ दाबतांच आंतला आरसा आपटून खट्ट असा आवाज करतात. नवीं यंत्रें मुकीं आहेत, हें आम्ही मान्य करतों. पण मुक्या यंत्राचीही विजेरी संपते. ती बदलावयास कोण जातें? फांदी वाऱ्यानें हलली, नेम चुकला, तो नीट करावयास कोण जातें? दिवसांतून चार वेळां घरट्याशीं जाणारा मनुष्य स्वतःस दूर समजतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

येथपर्यंत झालें तें भित्रेपणाविषयीं. याहून मोठा अपराध पानांचा आहे. शिंपी हा पक्षी मोठीं पानें शिवून त्यांच्या द्रोणांत घरटें करतो. बाहेरून पाहणाऱ्यास तें पान दिसावें, घरटें दिसूं नये, यांतच त्याचें सारें कौशल्य. म्हणजे जें दिसूं नये म्हणून पक्ष्यानें जिवाचा आटापिटा केला, तेंच दिसावें म्हणून छायाचित्रकाराचा आटापिटा! मग एखादें पान दोऱ्यानें मागें बांधावयाचें, दोन डहाळ्या छाटावयाच्या, 'प्रकाश येऊं' द्यावयाचा. गतवर्षींच्या एप्रिलांत आमच्याच वसाहतींतील एका बागेंत, अंजिराच्या झाडावर, हा प्रकार घडला. त्या गृहस्थांनीं पहिल्या दिवशीं एक पान बाजूस सारलें. दुसऱ्या दिवशीं चित्र मिळालें, आणि खरोखर सुरेख मिळालें: तीन पिवळ्या चोंची, वर वाकलेली आई, मागें हिरवी अंधुक सावली. तिसऱ्या दिवशीं घरटें रिकामें होतें. कुंपणावर कावळा होता. त्यास आम्ही दोष देत नाहीं, त्यालाही पोट आहे. नाशिकच्या एप्रिलांतील दुपारीं अंगावर पीस नसलेलें पिलूं आईच्या पंखांवांचून उन्हांत किती वेळ तगेल, हेंही निराळें सांगावयास नको. कावळा आला नसता तर ऊन होतेंच. तें चित्र आज त्यांच्या बैठकींत चौकटींत लावलेलें आहे. ते गृहस्थ सज्जन आहेत, सुशिक्षित आहेत, मांजरास लाथ मारणार नाहींत. म्हणूनच तर ही गोष्ट सांगावी लागते.

एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ सालीं घुबडानें घेतला. रात्रीं तो घुबडाच्या घरट्याजवळील आपल्या लपणीकडे चढत होता. पुढें तो जन्मभर पक्ष्यांचींच चित्रें काढीत राहिला, आणि फार मोठा झाला. ज्यास नख आहे तो पक्षी आपलें मत असें कळवितो. शिंप्यास तसलें नख नाहीं, एवढ्यावरून त्याची तक्रार नाहीं असें ठरत नाहीं.

आतां दुसरा युक्तिवाद: अशा चित्रांमुळें लोकांत पक्षिप्रेम वाढतें. वाढत असेल. परंतु पक्षिप्रेमाचा धडा नाशिकनें जगास निराळ्या रीतीनें दिला आहे, आणि तो नाशकांतच विसरला जावा हें दुःखद आहे. येथील मोहम्मद दिलावर यांनीं चिमणीचा कैवार घेतला. त्यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. त्यांनीं लोकांस काय दिलें? एक लांकडी पेटी. ती भिंतीस टांगावयाची, आणि मग तिच्याकडे जावयाचें नाहीं! देशभरचा विचार करतां चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे, मोठ्या महानगरांतून मात्र ती घटली आहे, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांविषयींच्या अहवालांत म्हटलें आहे. जुने वाडे पडतात, आढें-वळचणी जातात, कांच व सिमेंट येतें. चिमणीनें कोठें राहावें? अशा वेळीं टांगलेल्या पेटींतही कोणी कॅमेरा शिरवूं लागला, तर ती पेटी घर न राहतां रंगमंच होईल. पेटी टांगण्यापूर्वींच आंत चिमुकला कॅमेरा बसविणाऱ्या शास्त्रज्ञांची गोष्ट वेगळी. ते नोंदी ठेवतात, पिलें उडून जाईपर्यंत पेटीस हात लावीत नाहींत, आणि त्यांचीं चित्रें बहुधा कुरूप असतात. शास्त्राचें नांव घेऊन सुंदर चित्रें काढणाऱ्यांविषयीं आम्हांस म्हणूनच शंका येते.

कायदा काय म्हणतो तेंही आमच्या मित्रांनीं एकदां वाचावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तींत वन्य पक्ष्यांचीं अंडीं वा घरटीं विचलित करणें हेंही येतें. आपल्या बागेंतील अंजिराशीं कोणी पहारेकरी येणार नाहीं, हें खरें. पण हेच लोक निफाड तालुक्यांत नांदूर मध्यमेश्वरास जातात, गोदावरी-कादवेच्या संगमावरील त्या अभयारण्यांत मनोऱ्यावरून मुकाट्यानें पाहतात, आंखून दिलेल्या वाटेबाहेर पाय टाकीत नाहींत. २०२० सालीं रामसर यादींत गेलेलें तें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ, म्हणून त्याचा अभिमानही बाळगतात. दूरदेशच्या बदकास जो मान, तो परसांतल्या बुलबुलास कां नसावा? तो फुकट भेटतो म्हणून?

मग हा कॅमेरा अडगळींत टाकावा काय? मुळींच नव्हे. परसांत सावलीच्या जागीं मातीचें उथळ पसरट भांडें ठेवावें, पाणी रोज बदलावें, जवळ मांजरास दबा धरतां येईल असें झुडूप नसावें. तिपाईवर प्रथम आठ दिवस कॅमेऱ्याऐवजीं एखादा काळा डबा ठेवावा. पाखरांस त्याची संवय झाली कीं कॅमेरा ठेवावा. आवाज बंद, प्रकाशाची चमक बंद. पाणवठा ही वाट आहे, घर नव्हे; बिचकलेलें पाखरूं तेथून उडून दुसरीकडे पाणी पिईल, त्याचें कांहीं बिघडणार नाहीं. सातभाईंचा कल्लोळ, दयाळाचें नाहणें, तांबटाची बसकी ऐट, हें सारें त्या एका भांड्यावर महिनाभरांत मिळतें. आणि येथें मुलाच्या हातीं खुशाल कळ द्यावी.

घरट्यांच्या चित्रांपुरतें मात्र आमचें म्हणणें निर्वाणीचें आहे. ज्या संस्था पक्षिचित्रांचीं प्रदर्शनें भरवितात त्यांनीं आपल्या नियमांत एक ओळ घालावी: घरटें, अंडीं अथवा घरट्यांतील पिलें यांचें चित्र स्वीकारलें जाणार नाहीं. चित्र पूर्वीं काढलेलें असो वा आतां, कळ हातानें दाबलेली असो वा दुरून. बक्षीस बंद झालें कीं पानें बांधणारे दोरेही बंद होतील. येत्या हिवाळ्यांतील प्रदर्शनांच्या चिटणीसांकडे या लेखाची प्रत आम्ही पाठवीत आहों. कोणाचें उत्तर आलें, विशेषतः विरुद्ध आलें, तर संपादकांनीं तें याच पानांवर छापावें अशी त्यांस विनंती आहे.