पंधरा विजेतेपदे आणि एक आळशी विशेषण

१९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत रणजी करंडक दहाही वेळा मुंबईने जिंकला. त्यांपैकी सात अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्धी एकच होता : राजस्थान.

१९५८-५९ ते १९७२-७३ या सलग पंधरा विजेतेपदांच्या मालिकेचा हा गाभा. त्याचे कारण विचारले की एकच शब्द पुढे केला जातो : ‘खडूस’. मुंबईकर हार मानत नाही, म्हणून तो जिंकतो. विशेषण ऐकायला गोड आहे, परंतु इतिहासाच्या दृष्टीने आळशी आहे. विजय स्वभावातूनच येत असेल, तर १९८५-८६ ते १९९२-९३ या आठ हंगामांत मुंबईला एकही करंडक का मिळाला नाही? स्वभाव तर तोच होता.

उत्तर शोधायचे तर आधी पराभूतांकडे पाहावे. राजस्थानचा संघ दुबळा मुळीच नव्हता. संस्थानिक घराण्यांचा आश्रय त्याच्या पाठीशी होता. सलीम दुराणी आणि हनुमंत सिंग त्याच संघातले. एवढेच नव्हे, तर विनू मांकड, सुभाष गुप्ते आणि विजय मांजरेकर हे आधी मुंबईकडून खेळलेले तिघेही त्या काळात राजस्थानकडून खेळले. म्हणजे ज्यांच्या अंगी तो ‘खडूसपणा’ मुरला होता असे मानावे, तेच समोरच्या बाजूला होते! तरीही करंडक मुंबईतच राहिला. राजस्थानला पहिले विजेतेपद मिळायला २०१०-११ चा हंगाम उजाडावा लागला.

राजस्थानला उत्तम खेळाडू आणता आले. खेळाडू घडवणारी जमीन मात्र आणता आली नाही. ती जमीन दक्षिण आणि मध्य मुंबईच्या काही चौरस किलोमीटरांत होती. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि दोघांची घरची मैदाने एकमेकांपासून फार लांब नव्हती. १९४८ पासून कांगा लीग भर पावसाळ्यात सुरू झाली. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसाही उसळतो, तेव्हा तंत्रात खोट असलेला फलंदाज लपून राहूच शकत नाही. आझाद मैदानावर एका वेळी इतके सामने चालत की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टीरक्षकाजवळ उभा असे. वरिष्ठ कसोटीपटू आणि शाळकरी पोर एकाच स्पर्धेत समोरासमोर येत, ही शिकवणी कोणत्याही अकादमीला विकत घेता आली नसती.

दुसरा आधार पगाराचा. क्रिकेटमध्ये त्या काळी पोट भरण्याइतका पैसा नव्हता. स्टेट बँकेने अजित वाडेकरांना, एसीसीने बापू नाडकर्णींना, मफतलालने एकनाथ सोलकरांना नोकरी दिली. कार्यालयांचे संघ टाइम्स शील्डसाठी ईर्षेने झुंजत. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा भारताचा सर्वोत्तम जवळचा क्षेत्ररक्षक झाला, यात सोलकरांची जिद्द आहेच. पण ती जिद्द टिकवणारी महिनाअखेरही आहे.

या व्यवस्थेची खरी कसोटी १९७०-७१ मध्ये लागली. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड हे पाचही जण वेस्ट इंडीजमध्ये इतिहास घडवत होते. घरी सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवले. पंधरांपैकी सर्वांत बोलके विजेतेपद हेच.

नियमांचाही वाटा होता, हे भक्तांना आवडणार नाही. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरे. मद्रासविरुद्धचा १९६७-६८ चा अंतिम सामना असाच पदरात पडला. आणि मालिका तुटली तीही याच नियमाने : १९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने बंगळुरूत पहिल्या डावात आघाडी घेतली. अर्थात आदल्याच वर्षी चेन्नईच्या अंतिम सामन्यात पद्माकर शिवलकर यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले, तेव्हा आघाडीचा हिशेब करण्याची वेळच आली नव्हती. शिवलकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ‘हार न मानणाऱ्याला फळ मिळतेच’ असे सांगणाऱ्यांनी या नावापाशी जरा थांबावे.

या सुवर्णकाळाच्या नकाशात मुर्धा कुठे होते? चर्चगेटहून चाळीसहून अधिक किलोमीटरवरच्या भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला, मिठागरांच्या शेजारी, ठाणे जिल्ह्यातले एक गाव. माटुंग्याच्या मुलाला चालत जाऊन कसोटीपटूला गोलंदाजी करता येत होती, मुर्ध्याच्या मुलाला नाही. स्वभावात फरक नव्हता, अंतरात होता. पुढे मराठी मध्यमवर्गाचे बिऱ्हाड गिरगाव-दादरहून उत्तरेला सरकले, कार्यालयीन संघांची रया गेली, मैदाने मात्र दक्षिणेतच राहिली. पालघरचा शार्दूल ठाकूर आणि विरारचा पृथ्वी शॉ किटबॅग घेऊन ज्या लोकलने मुंबईत शिरले, ती भाईंदरवरूनच जाते.

‘खडूस’ या शब्दाचा तोटा इथे दिसतो. निवड न झालेल्या मुलाला तो सांगतो की तुझ्यात ती जात नव्हती. त्याच्या घराजवळ मैदान होते का, हे तो विचारतच नाही.